दोन दशांशांचे खोटे

मी एक जुना व्हर्निअर आहे, मित्रांनो, आणि मी खोटे बोललो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्या चकाकीचे आणि बारीक रेघांचे वर्णन ऐकून तुम्ही भाळणार नाही. माझ्या खोटेपणामुळे एका बाईचे काम गेले. कामाचे एक वेळ ठीक आहे, एक गेले तर दुसरे शोधता येते. तिचे नाव गेले. एकोणीस वर्षे लेथवर उभे राहून तिने जे कमावले, ते माझ्या एका आकड्याने घालवले. मला शरम वाटते. त्या शरमेपोटीच हे सांगतो आहे, कौतुक करून घ्यायला नाही.

ज्यांनी मला पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मी मोजायचे हत्यार आहे. वीतभर लांब पोलादी पट्टी, तिच्यावर केसासारख्या रेघा, एका टोकाला दोन जबडे. एक जबडा पक्का, दुसरा सरकता. दोघांच्या मध्ये वस्तू धरायची आणि रेघा वाचायच्या. सरकत्या भागावर आणखी एक छोटी रेघांची पट्टी असते, दोन बारीक स्क्रूंनी बसवलेली. सगळी करामत तिची. एका मिलिमीटरचेही पन्नास तुकडे पाडून सांगते ती. जबडे मिटले की दोन्ही पट्ट्यांची शून्ये समोरासमोर यायला हवीत. ती आली तर मी खरा. नाही आली तर मी नुसता लोखंडाचा तुकडा, आणि वर पुन्हा ऐटबाज.

माझा जन्म भट्टीत झाला वगैरे सांगत बसणार नाही. सगळीच हत्यारे भट्टीत जन्मतात. मला आठवतो तो मला घडवणाऱ्या कारखान्यातला शेवटचा दिवस. दिव्याखाली बसलेल्या एका तपासणाऱ्या बाईंनी माझ्या जबड्यांत एक ठरीव मापाचा ठोकळा धरला, भिंगातून पाहिले, मान हलवली आणि मला तेलकट कागदात गुंडाळून लाकडी पेटीत ठेवले. पेटीत आत मऊ बनात होती. त्या मान हलवण्याची मला नशा चढली. आपण चुकूच शकत नाही असे मला तेव्हापासून वाटू लागले. शहाण्याने असल्या गोष्टी डोक्यात घेऊ नयेत. मी घेतल्या.

मी ज्या कारखान्यात आलो तो काही मोठा नव्हता. पत्र्याचे छप्पर, सहा यंत्रे, एका बाजूला ओळीने खिडक्या, आणि सगळीकडे कापताना सोडायच्या तेलाचा वास. तिथे पाण्याच्या पंपात बसणारे पितळी बुश बनत. बुश म्हणजे जाड अंगठीसारखे कडे. पंपाच्या आत ते गच्च बसले पाहिजे. त्याचा बाहेरचा व्यास पंचवीस मिलिमीटर. जास्त झाला तर बसणार नाही, कमी झाला तर आत खुळखुळेल आणि पंप गळेल. एवढेच त्या कारखान्याचे शास्त्र होते, आणि ते शास्त्र माझ्या जबड्यांत होते.

माझी पेटी फिटरकाकांच्या ताब्यात असे. काका म्हणजे तिथला सगळ्यांत जुना माणूस, यंत्रे जुळवणारा, कमी बोलणारा. ते मला बाळासारखे जपत. फलालीच्या चिंधीने पुसायचे, जबडे मिटून खिडकीच्या उजेडात धरायचे, शून्य बघायचे आणि मगच कुणाच्या हाती द्यायचे. कुणी घाई केली तर म्हणायचे, "थांब की जरा, चष्मा पुसल्याशिवाय पेपर वाचतोस का?" कारखान्यात माझ्यासारखा आणखी एक होता, पण त्याचा जबडा मोडून तो दुरुस्तीला गेला तो गेलाच. त्यामुळे मी एकटा राजा.

लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रावर, होती ताई. तिला सगळे ताईच म्हणत, तिच्यापेक्षा वयाने मोठे सुद्धा. आधी तिचा नवरा त्या लेथवर होता. लेथवर नग पकडून फिरवणारा जड चक उचलताना त्याच्या पाठीचा मणका सरकला, तो घरी बसला, आणि तिसऱ्या आठवड्यात ताई त्याच्या जागी येऊन उभी राहिली. पहिले सहा महिने तो रोज घरी तिची तोंडी परीक्षा घ्यायचा म्हणे. आता तो घरी छत्र्या दुरुस्त करी आणि ती कारखान्यातून आली की विचारी, "आज चक उचलताना गुडघे वाकवलेस ना?" घर तिच्या पगारावर चाले.

ताईची कामाची एक रीत होती. सकाळचा पहिला बुश ती माझ्याकडून मोजून घ्यायची. पंचवीस आला की तो नमुना म्हणून सपाट लोखंडी पाटावर चाकासारखा उभा करायची. मग प्रत्येक नवा बुश त्याच्या शेजारी ठेवून, खिडकीकडे डोळा करून, दोन्हींच्या माथ्यावरून अंगठ्याचे नख फिरवायची. नख अडखळले तर फरक आहे. नाही अडखळले तर बुश टोपलीत. दर वीस नगांमागे एकदा मला बोलवायची, खात्रीपुरते. तिने टोपलीत टाकलेला बुश मी चुकीचा ठरवला असे एकोणीस वर्षांत बोटांवर मोजण्याइतक्या वेळा झाले असेल.

आणि आता पहिली कबुली. मला तिचा राग यायचा. वीस नगांत एकदा माझी पाळी. मी एवढा ठोकळ्याने पारखलेला, आणि माझे काम तिचे नख करत होते. पेटीत पडल्यापडल्या मी धुमसत असे. मित्रांनो, हत्याराला असूया नसते असे तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही हत्यारांना फार सभ्य समजता.

मग छोटे मालक आले. मालकांचा पुतण्या. खरे तर त्याला कुणी मालक केलेले नव्हते, पण तो पहिल्या दिवसापासून तसा चालायचा, म्हणून ड्रिलवरच्या चिडवखोर गड्याने त्याचे नाव छोटे मालक ठेवले आणि ते चिकटले. पदवी ताजी होती, बूट ताजे होते, आणि परक्या मुलखातल्या एका कारखान्यात तीन महिने शिकून तो एक शब्द घेऊन आला होता. आल्या आठवड्यात त्याने सगळ्यांना यंत्रे बंद करून उभे केले आणि फळ्यावर खडूने लिहिले: आयबॉल करणे बंद.

हा शब्द नीट समजावून सांगतो, कारण पुढचे सगळे त्याच्याभोवती घडले. इंग्रजीतले हे अगदी घरगुती क्रियापद आहे. अर्जात, करारात, परीक्षेच्या पेपरात ते कुणी घालत नाही. भिंतीवर चित्र टांगताना, गाडी अरुंद जागेत घालताना, मित्रामित्रांत वापरतात. अर्थ साधा: पट्टी-तराजू न लावता नुसत्या डोळ्याने माप ठरवणे. "मोजलंस का?" "नाही, आयबॉल केलं." आपण नाही का म्हणत, नजरेने घेतले, अदमासाने ओतले, चिमटीने टाकले. तेच ते. शब्द मुळात शिवी नाही. कपाट दारातून जाईल की नाही हे चार जणांनी ते खांद्यावर घेऊन आयबॉल करण्यात काही पाप नाही. इंजेक्शनचे औषध आयबॉल करणे मात्र गुन्हा आहे. शब्द एकच, कशासाठी वापरला आणि कुणाचा डोळा, यावर सारे. आणि कुठल्या तोंडाने म्हटला, यावरही.

छोट्या मालकांनी तो नाक वर करून म्हटला. इथे लोक आयबॉल करतात, म्हणून आपण मागे आहोत, असे त्यांचे म्हणणे. आजपासून प्रत्येक नग मोजायचा.

पहिल्या आठवड्यात शब्दाची चंगळ झाली. चहावाली बाई साखर कमी टाकायची, तर तिला विचारले जाई की आयबॉल केलीस काय. ड्रिलवरचा गडी फिटरकाकांना म्हणाला, "काका, केस आयबॉल करून कापले का? एक कान उघडा पडलाय." काकांनी हात लावून पाहिला तर खरेच. ताई सगळ्यांत मोठ्याने हसली. म्हणाली, "माझ्या नवऱ्याने मला आयबॉल करूनच पसंत केलं होतं. अजून पस्तावतोय."

तेवढेच ते हसणे. कारण हळूहळू तो शब्द सगळ्यांसाठी राहिला नाही. छोटे मालक तो फक्त लेथकडे बघून म्हणू लागले. ताईने नग मोजून घेतला तरी तिचे नख सवयीने फिरायचेच, आणि ते फिरले की मागून आवाज यायचा, "चाललं आयबॉल." शब्दाचे असेच होते, मित्रांनो. चार जणांत वाटला तर गंमत असते. एकाच्या डोक्यावर रोज ठेवला तर ओझे होते.

मी मात्र खूश होतो. फिटरकाकांकडून माझी पेटी छोट्या मालकांच्या टेबलावर गेली होती. प्रत्येक नग माझ्या जबड्यांतून जात होता. दिवसाला तीनशे वेळा माझे मत विचारले जाई. फलालीची चिंधी गेली, शून्य बघणे गेले, पेटीचे झाकण दिवसभर उघडे राहू लागले, पण मला त्याचे काही नव्हते. महत्त्व मिळत होते ना. महत्त्व मिळाले की निगा राखली जाते आहे की नाही हे कोण बघतो?

एका दुपारी छोटे मालक फोनवर कुणाला तरी आपली नवी शिस्त समजावून सांगत होते. मी त्यांच्या हातात होतो. बोलताना ते हात उडवत, आणि त्या हातवाऱ्यात मी निसटलो. टेबलाच्या लोखंडी पायावर आपटून मी फरशीवर पडलो. आवाज चांगला खणखणीत झाला. त्यांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले. मग मला उचलले, पँटला पुसले, जबडे वाकले नाहीत ना एवढे बघितले आणि पेटीत ठेवून झाकण लावले. फोनवरचे बोलणे तुटले सुद्धा नाही.

जबडे वाकले नव्हतेच. पण ती छोटी रेघांची पट्टी, दोन स्क्रूंनी बसवलेली, ती जागची सरकली होती. दोन दशांश मिलिमीटर. तुमच्या डोक्याचे दोन-तीन केस एकत्र धरा, तेवढे. आता माझे जबडे मिटले की शून्यासमोर शून्य येत नव्हते. पंचवीसची वस्तू मी पंचवीस पूर्णांक दोन सांगणार होतो. मला ते तत्क्षणी कळले. ज्याच्यावर बेतते त्याला आपल्या अंगातले मोडलेले कळतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या टोपलीतले बुश तपासायला आले. पहिला: पंचवीस पूर्णांक दोन. दुसरा तेच. दहावा, पन्नासावा, सगळे तेच. छोटे मालक उठून थेट लेथपाशी गेले आणि त्यांनी हात वर करून यंत्रे बंद करायला लावली. सहाही यंत्रे थांबली की तिथे एक विचित्र शांतता होते. बोललेला शब्द पत्र्यावर आपटून परत येतो.

"तीनशे नग," ते म्हणाले. "तीनशेच्या तीनशे जाड. आयबॉल केलंत ना शेवटी?"

ताईने आधी हात पुसले. मग म्हणाली, "नमुन्याला लावून बघा."

त्यांनी नमुना मोजला. तोही पंचवीस पूर्णांक दोन. ते हसले. "तुमचा नमुनाच चुकलाय."

"हाच नमुना काल सकाळी तुम्हीच पास केलात. त्याच्या बुडाला तुमची सही आहे."

"मग झिजला असेल."

"पितळ झिजतं साहेब," ताई म्हणाली. "वाढत नाही."

कुणीतरी मागे खुसकन हसले. आणि हेच वाईट झाले. त्या हसण्याने छोट्या मालकांचे कान लाल झाले, आणि माणसाचे कान लाल झाले की त्याला खरे-खोटे दिसत नाही, फक्त हसणारे दिसतात. ताईने हात पुढे केला. "व्हर्निअर द्या इकडे. मी बघते." त्यांनी मला छातीशी धरले. मित्रांनो, मी त्या वेळी तिच्या हातात गेलो असतो तर तिने पहिल्यांदा माझे जबडे मिटले असते. एका श्वासात सगळे उघडे पडले असते. पण छोटे मालक म्हणाले की ज्यांना मोजायची सवयच नाही त्यांनी याला हात लावू नये, आणि मला पेटीत घालून त्यांनी कुलूप लावले.

आता दुसरी कबुली, आणि ही पहिलीपेक्षा वाईट आहे. पेटीचे झाकण बंद होताना मला बरे वाटले. मी खोटा आहे हे मला ठाऊक होते, ती खरी आहे हे मला ठाऊक होते, तरी क्षणभर मला गार वाटले. घे आता, वीस नगांत एकदा बोलवत होतीस ना. एवढेच माझ्या मनात आले, आणि ते मी आता कुठल्याही काचकागदाने घासून काढू शकत नाही.

बाकीचे बाहेर झाले. पेटीतून ऐकू येत होते. छोट्या मालकांनी तिला सगळ्यांसमोर सांगितले की एकोणीस वर्षे डोळे झाकून पगार घेतला, आता हा कारखाना आयबॉल करणाऱ्यांचा राहिला नाही. मालक आले, त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्यासारखे केले आणि आकड्यापुढे आपण काय बोलणार असे म्हणाले. आकडा माझा होता. ताईने वाद घातला नाही. तिने लेथ पुसला, लेथखालचा पितळेचा कीस झाडून डब्यात भरला, कारण काम सोडताना यंत्र घाण ठेवायचे नाही असे तिच्या नवऱ्याने शिकवले होते, आणि ती गेली. त्या इंग्रजी शब्दाचा आणखी एक वापर आहे: एखाद्याकडे रोखून बघणे. तसे तिच्याकडे त्या दिवशी कुणीही बघू शकले नाही. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. फिटरकाका सर्वांत जास्त.

पुढचे लवकर सांगतो, कारण ते बावळटपणाचे आहे. ताईचे ते तीनशे चांगले बुश पुन्हा लेथवर चढवले गेले आणि माझ्या म्हणण्याप्रमाणे 'पंचवीस' होईपर्यंत कातले गेले. म्हणजे खरे तर चोवीस पूर्णांक आठ. मग नवा माणूस आला, त्याने माझ्यावर विश्वास ठेवून तीन हजार बुश तसेच काढले. त्याची काय चूक? प्रत्येक नग मोजला होता त्याने. एकही आयबॉल केला नव्हता. तीन हजार वेळा मोजले आणि तीन हजार वेळा चुकले.

महिन्याभराने पंपाच्या कारखान्याने खोकी परत पाठवली. खोक्यांच्या मागोमाग त्यांची तपासनीस बाई आली. ठेंगणी, पिशवी खांद्याला, पिशवीत स्वतःची हत्यारे. तिने चहा नको म्हटले आणि आधी मोजता कशाने ते दाखवा म्हणाली. छोट्या मालकांनी मोठ्या ऐटीत मला पेटीतून काढून दिले. तिने काहीही मोजले नाही. तिने फक्त माझे जबडे मिटले आणि मला खिडकीकडे धरले.

"हा पडला होता का?" तिने विचारले.

छोटे मालक म्हणाले, "नाही. म्हणजे, माझ्या माहितीत तरी नाही."

तिने माझे मिटलेले जबडे त्यांच्यापुढे धरले. मग म्हणाली, "शून्य न बघता महिनाभर मोजत होतात. याच्यापेक्षा आयबॉल केलं असतंत तर बरं झालं असतं."

तिला काहीच ठाऊक नव्हते. तिने तो शब्द सहज वापरला, जसा वापरायचा असतो तसा. पण लेथपासून ड्रिलपर्यंत सगळ्यांनी तो ऐकला.

मालकांनी त्याच दिवशी ताईला निरोप धाडला. ती दोन दिवसांनी आली, कामाच्या कपड्यांत नाही, बाहेर जायच्या कपड्यांत. तिला काचेच्या खोलीत बसवले, दार लावून घेतले. मी टेबलावरच होतो. मालक म्हणाले की गैरसमज झाला, तू उद्यापासून ये, मधल्या दिवसांचा पगारही देतो. छोटे मालक टेबलाच्या कडेकडे बघत सॉरी म्हणाले. ताईने ऐकून घेतले. घरात औषधे होती, घरभाडे होते, छत्र्यांवर घर चालत नाही, आणि तिला ते काम हवे होते. तिचा हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट होता, त्यावरूनच दिसत होते.

"येते मी," ती म्हणाली. "पण मला बोललात ते बाहेर बोललात. हे आत का सांगताय?"

म्हणून दार उघडले. यंत्रे बंद झाली. सगळे जमले. छोटे मालक लेथपाशी उभे राहिले, मला हातात धरून, जणू मीच चोर आणि ते शिपाई. म्हणाले, हा व्हर्निअर खराब निघाला, त्यामुळे थोडा घोटाळा झाला, ताईंची चूक नव्हती. खराब निघाला म्हणे. जसा काही मी झाडावरून किडका उतरलो. तरी ताईने मान हलवली. तिला तेवढेही पुरले असते असे मला वाटते. तिने पदर खोचला आणि लेथच्या चकवर हात ठेवला.

तेव्हा फिटरकाका बोलले. इतके दिवस त्यांच्या घशात जे अडकले होते ते त्यांना आता ठेववेना. सगळे निवळले आहे, आता सांगितले तर आपले मन हलके होईल, असा हिशेब असेल.

"खराब निघाला नाही, पडला होता," ते म्हणाले. "ह्यांच्या हातून. मी बघितलं होतं. तुझे नग तपासायच्या आदल्या दिवशी दुपारी."

छोटे मालक पांढरे पडले. पण ताई त्यांच्याकडे बघतच नव्हती. तिने चकवरचा हात काढला.

"काका," ती म्हणाली, "मी त्यांच्याकडे हात पुढे केला तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात."

"निवृत्तीला माझी दीड वर्षं राहिलीत, ताई. म्हटलं कशाला मालकाच्या घरच्या माणसाशी..."

"ह्यांना माहीतच नव्हतं मी खरी आहे ते," ताई म्हणाली. आवाज अजिबात चढला नाही. "तुम्हाला माहीत होतं."

एवढे बोलून तिने खोचलेला पदर सोडला. मालक तिच्या मागे गेले, ड्रिलवरचा गडी मागे गेला, पगार वाढवतो असेही कुणीतरी ओरडले. ती फाटकातून बाहेर पडली आणि परत आली नाही. छोट्या मालकांनी नवा, आकडे दाखवणारा बॅटरीचा व्हर्निअर घेतला. तोही पडेल कधीतरी.

निवृत्त झाले तेव्हा काकांनी मला मागून घेतले आणि तुमच्या या शिकाऊ वर्गाला आणून दिले. तुमच्या बाईंनी माझ्या जबड्याला लाल रंग लावून ठेवला आहे, म्हणजे माझे माप कुणी खरे धरू नये. ताई कुठे आहे मला माहीत नाही. दुसऱ्या कुठल्या लेथवर असेल, नसेल. चांगले झाले असेल असे सांगून मी तुमचे समाधान करणार नाही. एक खोटे पुरे झाले.

'तुम्हाला माहीत होतं' हे तिचे वाक्य काकांना होते. पण मित्रांनो, कारखान्यात ते दोघांना लागू होते, आणि दुसरा मी. छोट्या मालकांना माहीत नव्हते असे तरी म्हणता येईल. उद्धट होते, आंधळे होते, पण माहीत नव्हते. मला माहीत होते. काकांना माहीत होते. अन्याय करणारा एक होता. तो खपवून घेणारे आम्ही जाणते होतो.

माझी विनंती फार मोठी नाही. हत्यार वापरायच्या आधी पुसा, त्याचे शून्य बघा, आणि मगच त्याच्या आकड्यावरून एखाद्या माणसाला तोला. हातातून काही पडले तर इकडेतिकडे बघू नका. ज्याच्या कामाची वस्तू आहे त्याच्याकडे बघा आणि सांगा, माझ्याकडून पडली. दुसऱ्याच्या हातून पडताना दिसली तर त्याच दिवशी सांगा. महिन्याने सांगितलेले खरे फक्त सांगणाऱ्याच्या उपयोगाचे असते. मी त्या दिवशी गप्प राहिलो, कारण मला दोन-दोन जबडे आहेत आणि बोलायला तोंड नाही. तुम्हाला आहे.